मामाजींनी न खाल्लेले भेदरे

माझ्या सासऱ्यांनी जन्मात कधी टोमॅटो खाल्ला नाही. पण मेहकरातल्या बऱ्याच घरांना टोमॅटोची भाजी कशी करायची हे त्यांनीच शिकवलं. हे कसं झालं असं मला अजून लोक विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे तेव्हा टोमॅटो कोणी म्हणत नसे. भेदरं म्हणत. एक असलं तर भेदरं, पुष्कळ असले तर भेदरे. टोमॅटो हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला, आणि ते मुंबईकडचं काहीतरी फळ असेल असं समजून पान उलटलं. त्या वेळी आमच्या ओसरीत भेदऱ्यांच्या चार टोपल्या भरून ठेवलेल्या होत्या.

माझं माहेर वडनेर भोलजीचं. बाबांची विहिरीवरची जमीन होती. त्यात वांगी, मिरच्या आणि हिवाळ्यात भेदरे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते सब्जा लावायचे. उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतात ते काळं, फुगणारं बी याच झाडाचं. शेगावचा एक दुकानदार ते बी घेऊन जायचा; दर्शनाला आलेल्या माणसांना उन्हाचं थंड सरबत लागतं. झाड चांगलं फुटावं म्हणून बाबा त्याचे कोवळे शेंडे खुडत. खुडलेल्या शेंड्यांचा ढीग पडे. बकऱ्या त्याला तोंड लावत नसत. माझ्या मायला काहीही फेकायला आवडत नसे. तिने एक दिवस त्यातला मूठभर पाला भेदऱ्याच्या भाजीत टाकला आणि आम्हाला काही न सांगता वाढला. बाबांनी जेवण झाल्यावर विचारलं, "आज भाजीत काय होतं?" माय म्हणाली, "काई नाई." बाबा म्हणाले, "मंग उद्या बी तेच टाक."

ती भाजी अशी. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. मग पिकलेले भेदरे मोठे मोठे चिरून. मीठ. पाणी नाही आणि झाकणही नाही. आपल्याच रसात ते शिजतात. साल सुटून वळायला लागली की शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि गुळाचा लहान खडा. गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवायचा, आणि मगच सब्ज्याची पानं हाताने तोडून वर घालायची. चुलीवर असताना घातली तर काळी पडतात आणि वास धुरात निघून जातो. ज्वारीच्या गरम भाकरीशी खायची. मला लग्नापर्यंत वाटत होतं की ही भाजी सगळीकडेच करतात.

लग्न होऊन मी मेहकरला आले. आमचे हे तहसील कचेरीत कारकून होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी होते. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे स्नान, संध्याकाळी हरिपाठ. घरात ते पुस्तकातली भाषा बोलत. मी "मले" म्हटलं की ते थांबत आणि "मला" असं सावकाश म्हणून दाखवत. आत्याबाई जालन्याकडच्या, त्या मुळातच "मला" म्हणत. ते सोडून त्यांचं दुसरं काही मामाजींनी कधी नावाजल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

माळकरी घरात मांस नसतं हे मला ठाऊक होतं. आमच्याही घरी नव्हतं. पण मामाजी पुढचा विचार करणारे होते. मांसासारखं जे दिसतं तेही वर्ज्य, असा त्यांचा नियम होता. म्हणून मसुरीची डाळ बंद, बीट बंद, भेदरं तर पहिल्यापासून बंद. कलिंगड चालायचं, कारण ते बाहेरून हिरवं असतं. गाजरही चालायचं. आमच्याकडची गाजरं चांगली लाल असतात, पण मामाजी त्यांना नारिंगी म्हणत, आणि घरात रंग कोणता हे तेच ठरवत. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नोकरीभर त्यांनी मुलांना जो नकाशा शिकवला तो त्यांच्या डोळ्यांदेखत दोन-तीनदा बदलला होता, आणि दर वेळी त्यांनी तो मान्य केला होता. भेदऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी काही बदल होऊ दिला नव्हता.

पहिल्या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ मला भेटायला आला. वडनेरहून खामगाव, खामगावहून मेहकर, असा एस.टी.ने. डोक्यावर टोपली. टोपलीत भेदरे, आणि ते उन्हाने नरम पडू नयेत म्हणून वरून सब्ज्याच्या ओल्या फांद्या. त्याने ती बैठकीत मामाजींच्या समोरच ठेवली आणि पाया पडला.

मामाजींनी फांद्या बाजूला केल्या. मग पुन्हा जागेवर ठेवल्या.

"हे काय आहे?"

"भेदरे हायेत, मामाजी. घरचे हायेत."

"हे आमच्याकडे चालत नाहीत."

"काऊन?" भावाने सरळ विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

मामाजींनी त्याला कारण सांगितलं. भाऊ ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "पण मामाजी, त्यायले तं बिया असतात." मामाजी म्हणाले, तो प्रश्न वेगळा आहे. मग भाऊ जेवला आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. टोपली परत नेण्याबद्दल मामाजी दारापर्यंत त्याला सांगत गेले. भाऊ "हाव, हाव" म्हणत होता आणि चालत होता. टोपली राहिली.

आता अडचण अशी होती की अन्न टाकणं पाप. शेजाऱ्यांना द्यावं, तर आपण जे अभक्ष्य मानतो ते दुसऱ्याच्या तोंडात घालणं हेही पापच, असं मामाजींचं म्हणणं पडलं. उरली गाय. मामाजी स्वतः एक भेदरं घेऊन गोठ्यात गेले. मी आणि आत्याबाई दारातून पाहत होतो. गाईने हुंगलं आणि मान फिरवली.

"पाहिलंत?" मामाजी म्हणाले. "मुक्या जनावराला कळतं."

आत्याबाई म्हणाल्या, "तिला चहा बी आवडत नाही."

मामाजी सकाळ-संध्याकाळ चहा घेत. त्यांनी भेदरं परत टोपलीत नेऊन ठेवलं. आत्याबाई जणू आपण बोललोच नाही अशा चेहऱ्याने आत गेल्या. लग्नानंतर आठ महिन्यांत मी त्यांना मामाजींच्या बोलण्यावर बोललेलं पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी हरिपाठानंतर मामाजींनी निर्णय दिला. भेदरे आले आहेत तर संपवावे लागतील. ज्यांना खायचे त्यांनी खावे. पण घरातल्या चुलीवर नाही, घरातल्या भांड्यात नाही आणि घरातल्या छपराखाली नाही. अंगणाच्या टोकाला, निंबाच्या खाली, तीन दगड मांडून. कुंभाराकडून वेगळं गाडगं आणावं आणि ते तिथेच राहावं.

दुसऱ्या दिवशी मी दगड मांडले. भेदरे चिरले. सब्जा धुऊन सुपात ठेवला. तेवढ्यात मामाजी हातपाय धुवायला बाहेर आले आणि सुपाशी थांबले.

"तू तुळस शिजवणार आहेस?"

"नाही मामाजी, सब्जा आहे हा."

त्यांनी एक पान खुडून हुंगलं. वृंदावनापाशी गेले, तुळशीचं एक पान घेतलं, तेही हुंगलं. दोन्ही पानं तळहातावर शेजारी ठेवली. मग तसेच, तळहात पुढे धरून, देवळाकडे निघाले. मी भाजी थांबवली. चिरलेल्या भेदऱ्यांना पाणी सुटत होतं.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं, ते दुपारच्या जेवणाला कचेरीतून येताना देवळापाशी होते. मामाजींनी पुजाऱ्यांना पानं दाखवली आणि विचारलं की ही तुळस आहे का. पुजारी म्हणाले, तुळस नाही, पण तुळशीच्याच घराण्यातली, बहीणच समजा. मामाजींना ते आवडलं नाही. तुळस ही देवाची पत्नी. तिची बहीण म्हणजे देवाची मेहुणी. देवाच्या मेहुणीला फोडणीत घालणं कसं बरोबर? पुजाऱ्यांनी बराच विचार केला. त्यांना आरतीची घाई होती. ते म्हणाले, "गुरुजी, मी हे पान देवाला कधी वाहत नाही. वाहत नाही म्हणजे नातं नाही."

मामाजी परत आले आणि म्हणाले, "चालू दे. पण फोडणीत घालू नकोस."

मी म्हटलं, "नाहीच घालत. उतरवल्यावर घालतात."

"मग ठीक," ते म्हणाले.

त्या दिवशीची भाजी मला चांगली आठवते, कारण आत्याबाई बाहेर आल्या. आधी दारात उभ्या राहिल्या. मग ओसरीच्या पायरीवर. मग वाळवणाकडे बघायला म्हणून अंगणात. वाळवण काही घातलेलं नव्हतं. शेवटी निंबाखाली आल्या, टोपलीत हात घातला, एक भेदरं पदराला पुसलं आणि कच्चंच खाल्लं. उभ्या उभ्या. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तो त्यांनी चाटला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मीठ दे."

मी मीठ दिलं. दुसरं खाल्लं.

"तुम्ही खाता?" मी विचारलं.

"आमच्या घरी लई व्हायचे. भाऊ लावायचा. मी झाडाखाली बसून खायची, झाडाचाच वास हाताला लागायचा. मायनं मारलं तरी तो वास जायचा नाही." त्या निखारे सारखे करत होत्या. "अकरा वर्षांची असंन. मग लगीन झालं आन् इकडं आले. इकडं चालत नव्हते."

"मग कधी म्हणाल्या नाही?"

"कोणाला?"

"मामाजींना."

"त्यायनं कधी इचारलंच नाही की तुला काय आवडतं," आत्याबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. आज बाजार नाही, असं सांगावं तसं त्या बोलल्या. मग म्हणाल्या, "जाळ कमी कर, लागंन."

भाजी उतरवून मी सब्जा घातला. त्यांनी गाडग्यावर वाकून वास घेतला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं धूर डोळ्यांत गेला. त्या दिवशी आम्ही दोघींनी निंबाखाली बसून जेवण केलं, आणि आत्याबाईंनी इतकी भाकर खाल्ली की संध्याकाळचं पीठ मला पुन्हा मळावं लागलं.

ह्यांना वास आत कळलाच होता. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून आले ते तडक अंगणात गेले आणि पालथ्या घमेल्यावर बसले. कचेरीचा सदरा अंगात, हातात भाकर. माझी एक नणंद तेव्हा माहेरपणाला आली होती, तीही तिथेच जेवू लागली. टोपली संपली तेव्हा भावाने दुसरी पाठवली, एस.टी.च्या टपावर टाकून, वाहकाला सांगून. मामाजींनी ती स्टँडवरून स्वतः आणली. कोणाची वस्तू स्टँडवर पडून राहणं त्यांना पटत नसे.

असं होता होता मामाजी घरात एकटेच जेवू लागले. त्यांचं ताट मी आधी वाढायची: पिठलं, भाकर, तूप. आत्याबाई त्यांना वाढायला थांबत, पण लक्ष अंगणात असे. जेवता जेवता मामाजी काहीतरी सांगत. शाळेतला एखादा किस्सा, नाहीतर सकाळी वाचलेल्या अध्यायातलं काही. पूर्वी ते सगळ्यांना सांगत. आता समोर फक्त भिंत असायची. अंगणातून हसण्याचा आवाज आला की ते थांबत आणि विचारत, "काय झालं?" आत्याबाई आतून ओरडून विचारत, बाहेरून उत्तर येई, त्या ते मामाजींना सांगत. तोपर्यंत त्यात हसण्यासारखं काही उरत नसे.

एके दिवशी मामाजी आपला पाट घेऊन ओसरीच्या उंबऱ्यात येऊन बसले. "आत उजेड कमी आहे," असं म्हणाले. दुपारची बाराची वेळ होती. दोन-तीन दिवसांनी ते म्हणाले, तुम्ही काय बोलता ते इथून अर्धंच ऐकू येतं, तेव्हा दगड जरा अलीकडे घ्या. मी दगड अंगणाच्या मध्यावर आणले. मग थंडी वाढली, वारा सुटला, जाळ विझू लागला. मामाजींनी स्वतः आडोसा पाहिला आणि भिंतीलगत दगड लावून दिले. भिंतीवर वळचण पुढे आलेली होती. म्हणजे चूल आता छपराखाली आली होती. आमच्यापैकी कोणीच वर पाहिलं नाही. मामाजींनीही पाहिलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला गाडगं फुटलं. आत्याबाईंनी घरातला गंज आणला आणि त्यात तेल ओतलं. मामाजी पाटावर बसून हे बघत होते. त्यांनी मोठ्याने विचारलं, "आज भाकरी बाजरीची का?" मी "हो" म्हटलं. विषय संपला.

आता ते भाजी करतानाही बघू लागले. निवृत्त गुरुजींना दुसऱ्याचं काम बघून गप्प बसता येत नाही. "जिरं जास्त तांबूस झालं." "मीठ आधी घातलंस तर पाणी लवकर सुटेल." "सब्जा आताच नाही, उतरव आधी." हे सगळं बरोबर असे. चव त्यांना ठाऊक नव्हती, पण क्रम त्यांना पाठ झाला होता, आणि मी एखाद्या दिवशी कूट घालायला विसरले तर तेच आठवण करत. त्यांची स्वतःची वाटी पिठल्याचीच.

उन्हाळ्यात भेदरे संपले. पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीपाशी रोपं उगवली. आत्याबाई तिथे बसून भेदरे धूत, फुटके-सडके बाजूला टाकत. त्याचं बी पडलं होतं. सब्जाही उगवला. मी रोपं उपटायला गेले, कारण मला वाटलं मामाजींना चालणार नाही. मामाजी म्हणाले, "राहू दे. झाडाचा काय दोष?"

मग त्यांनीच ती रोपं अंगणात ओळीने लावली. सकाळच्या पूजेनंतर पाणी, रविवारी शेणखत. झाडं वाढून लोळू लागली तेव्हा त्यांना आधार हवा होता. मामाजींनी माळ्यावरून आपल्या शाळेतल्या जुन्या छड्या काढल्या आणि प्रत्येक झाडाशी एक रोवली. त्यांचे जुने विद्यार्थी आता बापे झाले होते. रस्त्याने जाताना थांबत, ती छडी ओळखत आणि तिला बांधलेलं लाल भेदरं बघत. काही जण नकळत हात मागे घेत. मामाजी त्यांना आत बोलावून पिशवीभर भेदरे आणि सब्ज्याची जुडी देत, आणि भाजी कशी करायची ते सुरुवातीपासून सांगत. शेवटी विचारत, "सब्जा कधी घालायचा?" समोरचा माणूस म्हणे, "उतरवल्यावर, गुरुजी." मग जायची परवानगी मिळे.

त्यातल्या एकाने एकदा विचारलं, "गुरुजी, चव कशी लागते?"

"चांगली लागते."

"तुम्ही रोज खाता?"

"मी खात नाही," मामाजी म्हणाले.

त्या हिवाळ्यात गावात सप्ताह होता आणि कीर्तनाला एक मोठे बुवा आले. त्यांचा मुक्काम आमच्याकडे ठरला. मामाजींना फार आनंद झाला, आणि मग त्यांना अंगण दिसलं. झाडं अशी लगडली होती की फाटकातून पाऊल टाकताच आधी लाल रंग दिसे. माळकऱ्याच्या दारात ही बाग. मामाजींनी भेदरे तोडायला सांगितलं नाही, झाडंही उपटू दिली नाहीत. त्यांनी आपली दोन धोतरं भिजवली आणि झाडांच्या ओळीवर वाळत घातली.

बुवा आले. चांगले धिप्पाड, हसतमुख, अकोल्याकडचे. पाय धुऊन त्यांनी अंगणावर नजर टाकली.

"गुरुजी, धोतरं झाडायवर काऊन वाळू घातले बा?"

"ऊन तिथे येतं," मामाजी म्हणाले.

बुवांनी धोतराचं टोक उचललं आणि खाली वाकून पाहिलं. आत्याबाई आणि मी ओसरीत उभ्या होतो. मामाजी आकाशाकडे पाहत होते.

"अरे, भेदरे!" बुवा म्हणाले. "चार दिवस झाले कीर्तनं करून राह्यलो, तोंडाले चव नाई. लोक गोड खाऊ घालू घालू मारतात. गुरुजी, याची काई भाजी होत असंन तं पाहा ना."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "होते." आणि सब्जा तोडायला स्वतः वळले.

त्या दिवशी भाजी घरातल्या मोठ्या चुलीवर झाली. बुवांचं ताट मामाजींनीच वाढलं. पाहुण्याला यजमानाने वाढायचं हा त्यांचा दुसरा नियम. पहिल्यांदाच त्यांच्या हातात त्या भाजीचा डाव होता. बुवांनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि पुन्हा मागितली. मग मामाजी आपलं ताट घेऊन बसले, तेव्हा त्याकडे बुवांचं लक्ष गेलं.

"तुम्ही नाई घेतली?"

"मी खात नाही."

"काऊन?"

मला वाटलं आता मांसाचं, रंगाचं सगळं येईल. मामाजींनी तोंड उघडलं आणि समोर बुवांच्या बोटांवर तो लाल रस पाहिला. मग ते म्हणाले, "आतापर्यंत खाल्लं नाही म्हणून."

बुवांनी मान डोलावली. "हे बी खरं हाय," असं म्हणून त्यांनी भाकर मोडली. मग आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "माय, कोनं शिकवली ही भाजी?"

"सूनबाईनं," आत्याबाई म्हणाल्या. पाहुण्याच्या कौतुकाने त्या खुलल्या होत्या. "पर भेदरे मी लहानपणापासून खाते. आमच्या भावाच्या वावरात लई व्हायचे."

मामाजींचा हात ताटावरच राहिला. बुवा कीर्तनाला गेले, मी भांडी आवरत होते, तेव्हा मामाजींनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "लहानपणापासून?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं नव्हते."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं न्हाई."

मामाजी दारात उभे राहिले. काहीतरी शोधत असल्यासारखे त्यांनी फडताळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत आत्याबाईंकडे. "अजून काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंना प्रश्न कळला नाही.

"जे मी विचारलं नाही ते."

आत्याबाई हसल्या. मी त्यांना तशा हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "आता काय सांगू? जा, कीर्तनाला उशीर व्हतोय." मामाजी गेले. गडबडीत टोपी घ्यायची राहिली, ती मी मागून नेऊन दिली.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. पूजा आटोपली की मामाजी झाडांपाशी जात, सगळ्यात पिकलेलं भेदरं हाताने दाबून बघत, तोडत, आडाच्या पाण्याने धूत, आणि हळदीच्या पानावर चिमूटभर मीठ घालून आत्याबाईंपुढे ठेवत. आत्याबाई पायरीवर बसून ते खात. पहिल्या दिवशी त्या लाजल्या आणि पदर तोंडाशी धरून खाल्लं. आठवड्याभरात त्या भेदरं लहान असलं तर परत पाठवू लागल्या.

मामाजी मात्र जवळच बसून असत, हातात चहाची कपबशी घेऊन. एका सकाळी त्यांनी विचारलं, "चव कशी लागते?"

आत्याबाई चकित होऊन त्यांच्याकडे बघू लागल्या.

"लोक विचारतात," मामाजी म्हणाले. "माहिती असावी."

"खाऊन पाहा ना."

मामाजींनी त्या सूचनेचा खरोखर विचार केला. मी ओसरीत तांदूळ निवडत होते, माझाही हात थांबला. मग ते म्हणाले, "नको. तू सांग."

"आंबट लागते," आत्याबाई म्हणाल्या.

"चिंचेसारखी?"

"न्हाई. चिंच दातांना लागते. हे न्हाई लागत." त्यांनी आणखी एक घास घेतला, कारण नक्की करून सांगायचं होतं. "आधी पाणीच लागतं, गार. मग गोड. मग जिभेच्या कडेला आंबट येतं. आन् सालीला वेगळाच वास असतो, उन्हात तापलेल्या मातीवानी. तो मला आवडतो. सब्ज्याचं पान संगं खाल्लं तर नाकात काहीतरी उघडल्यावानी व्हतं." त्या थांबल्या. मग पुढे म्हणाल्या, "आमच्या वावरात एक झाड व्हतं, त्याचे भेदरे पिवळेच राहायचे. त्याची चव निराळी. भाऊ म्हणायचा ते मलाच ठिवलंय."

"कुठे होतं ते वावर?" मामाजींनी विचारलं.

आत्याबाई सांगू लागल्या. नदी कुठून वळते, विहीर कोणत्या बाजूला होती, भाऊ मोट हाकताना काय गायचा. मामाजी ऐकत होते. चहावर साय धरली. मी तांदूळ निवडून संपवले, आधण ठेवलं, परत आले, तेव्हा त्या अजून सांगतच होत्या, आणि मामाजी विचारत होते की ते पिवळे भेदरे आकाराने मोठे होते की लहान.